दादाची भाकर झाकून ठेवली होती

नाय, तिथं नको टेकू — ती साळूबाईची कबर हाय, तिच्या पोरांनी बघितलं तर मलाच बोलतील. इकडं ये, या विटांवर बस. ओल्या हायेत, मघाशीच पाणी मारलंय, पँट भिजंल जराशी, पण बस. तर मला खरंच वाटलं तू मारायला आला. फाटकातून आत शिरला ना, तेव्हाच वळखलं मी — चेहरा नाय दिसला, पण डावा खांदा पाडून चालतो तू, इतकी वर्षं वरातीत तुझ्या मागं ढोल वाजवलाय, तुझी पाठ तुझ्या बायकोनं बघितली नसंल इतकी मी बघितलीय. म्हणलं आला सांडूभाऊ, कन्नडहून एवढ्या लांब छावणीच्या कब्रस्तानात कोण सहज येतं, हातात काठी असंल नायतर दगड. थापी खाली ठेवली आणि उभाच राहिलो. मारलं असतं तरी हात वर केला नसता मी, आईची आन — आम्हा ख्रिस्ती लोकांत आन घेत नायत खरं तर, दादा असता तर म्हणला असता, दानी, व्हय असंल तर व्हय म्हण, नाय असंल तर नाय म्हण, वरचं सगळं कशाला. पण तू तर चपला काढून नुसता उभा. आमच्यात नाय काढत चपला कब्रस्तानात. घाल. खडी टोचंल.

आणि तो रुमाल काढ की तोंडावरचा. माझ्यासमोर काय झाकतो, मीच केलंय ते. नको काढू मग. राहू दे.

हे व्हय — दादाची कबर, मीच बांधतोय. गवंडी लावला होता, पुंजाराम म्हणून, पडेगावचा, चांगला हात हाय त्याचा, पण सारखं विचारायला लागला, कसा गेला तुझा भाऊ, गाडी कशी घसरली, डोक्याला लागलं का छातीला — एक थर झाला आणि मी त्याला म्हणलं, जा, उद्यापासून येऊ नको. रागाच्या भरात. मग घरी जाऊन बसलो आणि कळलं की आता कोण बांधणार. म्हणून मी. ओळंबा लावता येत नाय मला, बघ ना, या अंगाला पोट आलंय भिंतीला. दादानं बघितलं असतं तर हसला असता, म्हणला असता, मेल्यावर तरी सरळ झोपू दे. तसा मस्करी करायचा तो. लोकांना वाटतं सारखा प्रार्थना करणारा माणूस म्हणजे तोंड सुतकी असणार — आमोस शिंपी म्हणजे तसला नव्हता. तुला माहीत हाय. तुझी पँट त्यानंच शिवली होती ना, बॅन्डच्या ड्रेसची, लाल पट्टीवाली. एकच टांग झालेली.

तिथूनच तर सगळं झालं.

त्याचं असं होतं सांडूभाऊ, की मनात आलं की उठायचं. मनात म्हणजे — तो म्हणायचा, देव सांगतो. मी म्हणायचो, दादा, देवाला गिऱ्हाईक दिसत नाय का समोर उभं? मशीन चालू, सुई कापडात, आणि हा बाबा उठून चालला. कुठं — तर वच्छलाबाईला ताप असंल असं वाटतंय. आणि खरंच असायचा ताप, शपथ सांगतो. दर वेळी नाय. एकदा भर दुपारी लिटरभर दूध घेऊन युसूफचाचाकडं गेला, म्हणे त्यांच्या घरी आज दूध लागणार हाय असं वाटलं — आता युसूफचाचाच्या दारात म्हशी बांधलेल्या, तोच अर्ध्या छावणीला दूध घालतो. चाचा म्हणला, आमोसभाई, आपके खुदा को मेरा पता किसने दिया? सगळी गल्ली हसली. मीबी हसलो. घरी आल्यावर विचारलं, दादा, देव चुकला का? तर मशीनवर बसला, सुई उचलली, म्हणला, ऐकण्यात मी चुकलो असंन, पण बसून राहण्यापेक्षा चुकून गेलेलं बरं — बसून राहायची सवय लागली ना दानी, की मग खरं बोलावणं आलं तरी माणूस म्हणतो, जरा हे एवढं शिवून होऊ दे. चौथी नापास हाय मी, पण हे एवढं माझ्या डोक्यात बसलंय. डोक्यातच बसलंय. खाली उतरलंच नाय कधी.

तर तुझी पँट राहिली तशीच एका टांगेवर, आणि खुलताबादच्या वरातीत तू जुनी घालून आला. सगळ्यांची लाल पट्टी आणि तुझी नाय. फारूखभाई ओरडला तुझ्यावर, बॅन्डचा मालक तो. मग तू चिडणारच — मी आज म्हणतोय हे, त्या दिवशी नाय म्हणलो. तू म्हणला — सगळ्या बॅन्डसमोर, त्या पेट्रोमॅक्सवाल्या बायांसमोर म्हणला — येडा शिंपी, माझी टांग अर्धी ठेवून देवाकडं पळाला. पोरं हसली. इथवर मीबी दात काढत होतो, खोटं कशाला बोलू. मग तू माझ्याकडं वळून म्हणला, तरी त्याला देव हाक मारतो, या दानीला तर नुसती पंगत हाक मारते. आणि मग वळला, क्लॅरोनेट तोंडाला लावली, गाणं धरलं. मी ढोल सोडला. पट्टा कधी काढला तेबी कळलं नाय. तुझ्यापुढं आलो आणि तू वाजवत असतानाच त्या क्लॅरोनेटच्या खालच्या तोंडावर हात मारला — असा, तळव्यानं. आवाज झाला ना एक. गाणं तुटल्याचा नाय. दुसराच. तो मला अजून येतो ऐकू, ढोलाच्या पानावर थाप मारली की येतो. म्हणून बॅन्ड सोडला मी. फारूखभाईला सांगितलं हात दुखतो. हात कशाचा दुखतोय.

पुढचे वरचे दात गेलेला क्लॅरोनेटवाला म्हणजे काय, हे बॅन्डवाल्याला सांगायला नको. ढोलवाल्याचं बोट तुटलं तरी वाजवतो. तुझं — नाय, माहीत हाय मला. फारूखभाईनं सांगितलं, कवळी बसवून बघितली तू, फुंक सुटते बाजूनं. आता उसाच्या फडात जातो म्हणे. क्लॅरोनेट हाय का घरी? बरं. विकू नको. कामून म्हणतोय मी हे, मलाच माहीत नाय. विकली तरी काय.

दादाला त्याच रात्री कळलं. मला वाटलं मारंल, कधी मारलं नव्हतं त्यानं, आई गेल्यावर त्यानंच वाढवलं मला, पण वाटलं आज मारंल. तो काय म्हणला — माझ्यासाठी मारलं ना तू त्याला? मी म्हणलं व्हय, तुला येडा म्हणला तो. तर म्हणला, मग माझ्यासाठीच सकाळी पहिल्या गाडीनं कन्नडला जा आणि पाय धर त्याचे. मी म्हणलं जातो. आणि जाणारच होतो. खरंच जाणार होतो. सकाळी उठलो तर वाटलं, आत्ता तोंड सुजलेलं असंल त्याचं, घरचे लोक जमलेले असतील, जरा सूज उतरू दे. मग वाटलं लग्नसराई होऊ दे. मग पुनरुत्थानाचा सण आला, ईस्टर, म्हणलं सणानंतर. दादा रोज विचारायचा नाय हां — रोज विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो. तो नुसता मशीनवरून मान वर करून बघायचा. एकदा तर बसलोबी गाडीत. कन्नडच्या एसटीत, खिडकीपाशी. पडेगावला उतरलो. तिथून चालत परत. कंडक्टर म्हणला, पाव्हणं, तिकीट तर कन्नडचं काढलंय. म्हणलं, पोटात दुखतंय.

फारूखभाई म्हणायचा, क्या रे दानी, भाई के वास्ते दांत तोड सकता, भाई के वास्ते माफी नै मांग सकता? तुझं तोंड बघायची हिंमत नव्हती, एवढंच. मारणाऱ्याला हिंमत लागत नाय सांडूभाऊ. ते नुसतं होतं.

आता तो रविवार. तुला आमच्यातलं माहीत नसणार, सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आमच्यात, चर्चमध्ये — भाकरीचा एवढासा तुकडा आणि द्राक्षाच्या रसाचा घोट. सकाळपासून काही खायचं नाय, उपाशीपोटी जायचं. आणि ते वाटायच्या आधी पाळकसाहेब थांबतात. म्हणतात, कुणाचं कुणाशी वाकडं असंल तर हात पुढं करू नका, आधी जाऊन मिटवा, मग या. दर महिन्याला म्हणतात, आणि दर महिन्याला कुणी उठत नाय. एखादी म्हातारी फार तर शेजारणीचा हात धरते, डोळे पुसते. बाकीचे खाली बघतात. मीबी इतके महिने खाली बघितलं आणि रांगेत जाऊन गुडघे टेकले — कारण नाय गेलं ना, तर अख्खी मंडळी बघते, हा कामून बसून राहिला, यानं काय केलं.

त्या दिवशी पाळकसाहेब थांबले आणि दादा उठला. माझ्या शेजारून उठला, पुढं गेला, पाळकसाहेबांच्या कानात काहीतरी बोलला आणि बाहेर. मागाहून कळलं काय बोलला ते. म्हणला, माझी भाकर तेवढी झाकून ठेवा साहेब, मी दुपारपर्यंत येतो. फारूखभाईच्या दारात गेला, त्याची राजदूत फटफटी मागितली, गेला. पाळकसाहेबांनी खरंच ठेवली भाकर. पांढऱ्या कापडाखाली, टेबलावर. दुपारी चर्चला कुलूप नाय लावलं, उघडंच ठेवलं, त्याच्यासाठी. संध्याकाळी पोलीस आले तेव्हाबी ती तिथंच होती.

खुलताबादच्या घाटात. वळणावर. राजदूत खाली नाल्यात, शेळ्या चारणाऱ्यांनी बघितली. पोलिसांनी सांगितलं, जागीच. तेवढं एक बरं.

मातीच्या वेळी पाळकसाहेब काय म्हणले माहीत हाय? म्हणले, आमोसला देवानं हाक मारली की तो कधी थांबला नाय, शेवटची हाक मारली तेव्हाबी थांबला नाय. मंडळी हुंदके देत होती. मला वाटलं जावं आणि त्यांच्या हातातलं शास्त्र, बायबल, काढून घ्यावं. घेतलं नाय. आता म्हणतात, दानी, येत्या रविवारी तू उभा राहून साक्ष दे, भावाच्या आज्ञापालनाची. साक्ष म्हणजे उठून सांगायचं सगळ्यांसमोर, देवानं काय केलं ते. काय केलं? एक माणूस लगेच गेला आणि नाल्यात पडला. एक माणूस कधीच गेला नाय आणि त्यानं घरी येऊन वरण-भात खाल्ला. ही साक्ष. वहिनीनं तेवढंच विचारलं मला, दुसरं काही नाय — म्हणली, भाऊजी, त्या दिवशी मी वाढलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं का हे कुठं गेलेत? मी म्हणलं, व्हय. त्यानंतर ती पडेगावला गेली, माहेरी. बोलत नाय.

व्हय रे, खाल्ली मी भाकर त्या दिवशी. चर्चमधली. तेच तर. दादा दारातून बाहेर पडला आणि मी रांगेत गेलो, गुडघे टेकले, हात पुढं केला. आमच्या शास्त्रात लिहिलंय, मनात घाण ठेवून ती खाल्ली तर माणूस स्वतःवर दंड ओढवून घेतो. मी खाल्ली. दंड कुणाला झाला ते बघतोयस ना समोर. मी झोपतो, उठतो, ताप नाय, खोकला नाय. वाट बघतो रोज. युसूफचाचा बरोबर म्हणला होता — पत्ता कुणी दिला कुणाला.

आणि सगळ्यात वाईट काय — गेला तो गेला, पण तुझ्यापर्यंत पोचलासुद्धा नाय. माझ्यासाठी मेला आणि ज्या कामाला गेला तेबी अर्धंच, तुझ्या पँटीसारखं —

काय?

नाय. ते कसं. तो जाताना पडला, घाटात.

कोण म्हणलं म्हणजे — सगळे म्हणतात. गाडी नाल्यात उलटी पडलेली, तोंड कुठल्या बाजूला ते कुणी — थांब. थांब जरा. तुझ्या घरी आला होता? दादा? तुझ्या ओट्यावर? अंगात काय होतं त्याच्या, सांग बरं. निळा सदरा. खांद्यावर टेप. शिंप्याची टेप, व्हय, ती काढायची विसरायचा तो, चर्चलासुद्धा तशीच गळ्यात.

मग तू आजवर कामून नाय सांगितलं? बरोबर, त्यानंतर लगेच तू फडावर गेला. तुलाच आत्ता कळलं तो गेला ते. फारूखभाईकडून. बरोबर. तुझा काय दोष.

जेवला का तुझ्याकडं? नुसतं पाणी. भाकरी केली होती तुझ्या बायकोनं आणि नाय म्हणला — म्हणला, माझी भाकर झाकून ठेवलीय तिकडं, वाट बघतायत. म्हणून पळवली असंल त्यानं गाडी. बघ ना. मी रोज इथं बसून म्हणतो, तू पोचला असता तर बरं झालं असतं. आता पोचला म्हणतोस, तर काय बरं झालं? तेच हाय सगळं.

पाय धरले त्यानं तुझे? तुझे पाय? तुझ्यापेक्षा मोठा होता तो. आणि काय म्हणला?

परत सांग.

माझ्या भावानं पाठवलंय म्हणला. त्याला यायची लाज वाटते म्हणून मला पाठवलं, म्हणला. आणि तू त्याला उठवलं, आणि म्हणला, झालं गेलं. दानीला सांग, माझ्या मनात काही नाय. आणि तेच सांगायला तू आज आलायस, त्याला सांगता आलं नाय म्हणून. एवढ्या लांब. असल्या तोंडानं.

सांडूभाऊ, तुला वाटतंय तो तुझ्याशी गोड खोटं बोलला, माझी लाज राखायला. तसंच वाटतंय ना? मलाबी क्षणभर तेच वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता रे. त्याला जमायचंच नाय. त्या दिवशी — चर्चमध्ये — पाळकसाहेब थांबले तेव्हा आधी तो माझ्या कानाला लागला होता. हे कुणाला माहीत नाय, वहिनीलाबी नाय. म्हणला, दानी, आज रांगेत जाऊ नको, आत्ता ऊठ, कन्नडला जा, मी येतो तुझ्याबरोबर. मी म्हणलं, पुढच्या महिन्यात. तो म्हणला, आत्ता. आणि मी — लोक बघत होते, पुढच्या बाकावरची बाई वळून बघत होती — मी दात खाऊन म्हणलं, तुला एवढी घाई हाय तर तूच जा ना, मर तिकडं जाऊन.

असं पाठवलं मी त्याला.

त्यानं मान हलवली, देवाचं ऐकल्यावर हलवायचा तशीच, आणि उठला. सगळी मंडळी म्हणते देवानं उठवला. देवानं नाय उठवला.

आता घे तुझी माफी परत. घे की. तू दिली ती त्या माणसाला ज्यानं भावाला पाठवलं, पाय धरायला. तो माणूसच नाय कुठं. बस, झालं. बघतोस काय असा? शिवी दे एखादी. खुलताबादला तर लई चालत होती जीभ.

नको, उठू नको — म्हणजे ऊठ, पण माझ्याकडं नको येऊ. हात मागं घे. सिमेंट लागलंय माझ्या हाताला, तुझे कपडे — नाय रे, सिमेंटचं नाय. हात दिला की झालं, मला माहीत हाय, एवढंसंच हाय. दादानं मशीनवरची सुईसुद्धा वर केली नसती, आधी हात दिला असता. मी नाय तसा. मला आतून काहीच ऐकू येत नाय सांडूभाऊ, आणि आलं तरी मी इथंच बसतो, हे तुला आता कळलंच.

घे हात मागं. किती वेळ धरशील, दुखंल.

मी येईन कन्नडला. तुझ्या घरी येईन, नीट, घरच्यांसमोर. येतो म्हणलं ना. हे एवढं बांधून होऊ दे. तू जा आता, शेवटची गाडी चुकंल तुझी.